मामांचा राजीनामा

जीपचं दार आपटायचं, चावी शर्टाच्या खिशात टाकायची आणि विचारायचं, "कायद्यात बसते का?" कुणी चहात तिसरा चमचा साखर घातली तरी हेच. देऊळगाव राजाच्या आमच्या सरकारी कचेरीतले हे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणायचे. असा एक नग तुमच्याही कचेरीत असेलच.

एकदा साहेबांनी घरचा भाजीपाला जीपमधून पोचवायला सांगितला. "गाडी सरकारी, साहेब. कायद्यात बसते का?" पिशव्या घेऊन साहेब गेले पायी. आम्ही फायलींत तोंड खुपसून हसलो.

त्यांची बायको, आमच्या मामी, धाड नावाच्या गावी घरीच असायच्या. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. आठवडाभर शेजारीण बघायची, शनिवारी मामा जायचे. सोमवारी परतले की दुपारपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. पेन्शनसकट सुटायला अजून दोन वर्षं नोकरी हवी होती.

मागच्या वर्षी साहेबांनी बैठकीत सांगितलं, "जुन्या गाड्या भंगारात निघणार. जो ड्रायव्हर राजीनामा देईल त्याला वर्षाचा पगार एकदम मिळेल."

मामा उठलेच. "राजीनाम्यानं मागची सारी नोकरी जाते, पेन्शनबी जाते. अन् असे पैसे देणं कायद्यात बसते का?"

"वरून तोंडी आलंय."

"मंग लेखी येऊ द्या."

आणि आठवड्याने पहिला राजीनामा मामांचाच! मागोमाग कचेरीतल्या बाकी दोन ड्रायव्हरांनी दिले. मला भयंकर राग आला. म्हटलं, घ्या, हेही पैशाला भुलले.

महिनाभरात लेखी आलं: असे पैसे देता येत नाहीत. राजीनामे अजून मंजूर व्हायचे होते, म्हणून त्या दोघांनी धावत येऊन परत घेतले. मामा बाकावर चहा पीत बसलेले.

"मामा, तुम्हीही परत घ्या ना!" मी ओरडलोच.

"काऊन? मी काय पैशासाठी देल्ला? तिले रात्री पाणी पाजाले घरात कोणी नाही, बाप्पा. घरी जाणं तर कायद्यात बसते ना?"

"अहो, पण पेन्शन?"

"ती गेल्यावर पेन्शन घेऊन काय करू?"



परवा बाजारच्या दिवशी धाडला त्यांच्या घरी गेलो. परसात मेथीचे वाफे, मामी भिंतीला टेकून बसलेल्या. डॉक्टरांनी मामींना साखर कमी सांगितली होती. मामा त्यांच्या चहात चमचा घालणार, तेवढ्यात मामी वाकड्या ओठांनी, अडखळत म्हणाल्या, "का...यद्यात... बसते का?"

मामा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी चमचाभर साखर घातली, चहा बशीत ओतला, फुंकला आणि मामींच्या ओठांना लावला.