वारसाचा रकाना

पदवी झाली, नोकरी काही मिळेना, म्हणून परभणीत मी विम्याचा एजंट झालो. ओळखीचे लोक मला बघितलं की रस्ता बदलायचे, पण खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. दुसऱ्यांच्या घरात डोकवायची खोड मला आधीपासूनच होती, आणि इथं तर तेच शिकवत होते.

शिकवणारे आमचे साहेब. फॉर्मला ते सगळ्यात शेवटी हात लावू द्यायचे. आधी विचारायचं, घरात खाणारी तोंडं किती, कमावतं कोण, पैसा कोणत्या महिन्यात येतो, मोठा खर्च कधी निघणार, आणि हा माणूस उद्या नसला तर चूल कशी पेटणार. शेवटचा प्रश्न जिभेवर येईना. भरल्या घरात असं अभद्र कोण बोलणार? ‘देव न करो, पण’ हे मी चालता चालता घोकायचो.

पहिलं गिऱ्हाईक ताडकळसचे एक गुरुजी. ओसरीवर बसून मी पगार विचारला, भावाबरोबरची शेती विचारली, दोन्ही मुलींचं वय विचारलं. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं म्हटल्यावर ते चटकन म्हणाले, "धाकट्या भावाचं टाका. समदा व्यवहार तोच बघतो." मी टाकलं, आणि पहिला फॉर्म भरल्याच्या खुशीत परतलो.

साहेबांनी कागद वाचला. "घरच्या बाई काय म्हणाल्या?"

"त्यांना नाही विचारलं."

"मग हा विमा कुणासाठी उतरवलास?"

फॉर्म माझ्या हातात परत. मला रागच आला. एका रकान्यासाठी पुन्हा एसटीचे धक्के!

दुसऱ्या दिवशी गेलो. गुरुजींच्या बायको दाराआड उभ्या होत्या. धीर करून मी थेट त्यांनाच विचारलं, "वहिनी, देव न करो, पण गुरुजी नसले तर हे पैसे कुणाच्या हातात यावेत?"

"अवो, तिला काय इचारायलाव?" गुरुजी म्हणाले.

त्या पदर सावरत बाहेर आल्या. "दीर लय चांगले हायेत. पण त्यांना बी तीन लेकरं हायेत. माझ्या पोरींच्या फीसाठी दरसाल त्यांच्यापुढं हात पसरू का मी? मला सही येती."

गुरुजींनी माझ्याकडून कोरा फॉर्म मागून घेतला आणि त्या रकान्यात बायकोचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. मी मनातून हरखलो. हे काम मला जमणार, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

वहिनींनी चहा आणला. कप माझ्या हातात देत त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, तुमच्या वडलांच्या कागदावर तुमच्या आईचं नाव हाय का?"

वडील अजून कचेरीत कारकून होते, त्यांचा विमाही होता. पण त्यावर वारस कोण, हे मी घरात कधी विचारलंच नव्हतं. मान खाली घालून मी म्हणालो, "माहीत नाही."