लांबीचा तुकडा

नळीकाकूंचं पाळण्यातलं नाव काय, ते विचारलं तर घरची माणसंही छताकडे बघायला लागतात. काकूंचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी त्याने डब्याचा पत्रा कापून, वळवून, टोकाला दाते पाडून बायकोला एक नळी करून दिली. ती कापडी पिशवीच्या कोपऱ्याला बांधायची, पिशवीत क्रीम भरायचं आणि दाबायचं, की नळीतून फूल निघतं. त्या एका नळीवर काकूंनी बावीस वर्षं काढली. घरात कुणी जन्मो, कुणी पास होवो, कुणाला नोकरी लागो, केक काकूंचा. विकायला कधी केला नाही. एकदा पुतण्याचा साखरपुडा मोडून दुसरीकडे झाला, तेव्हा काकूंनी आधीचा केक जमेस धरला नाही, नवा केला. वर गुलाब, कडेने पानं आणि पानांच्या मधून गोगलगाईसारखी वेटोळी.

केकला खोट एकच होती. ओव्हनचं दार बिजागरीत ढिलं, म्हणून ते मिटून पुढे स्टूल टेकवावं लागे. तरी फटीतून ऊन वाफ जायची आणि केकचा मधला भाग बसायचा. चांगला वाटीएवढा खड्डा. काकू तो क्रीमने भरत, वरून उलथन्याने सपाट करत आणि बरोबर त्या जागेवर सगळ्यांत मोठा गुलाब बसवत. बावीस वर्षांत हे कुणाला कळलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्या समजुतीवर त्या ताठ चालत.

त्यात पुतण्याचं लग्न झालं आणि नवी सून आली. केकचा कोर्स केलेली. तिच्या डबीत चोवीस नळ्या, सगळ्या चकचकीत. पहिल्याच भेटीत तिने अगदी आदराने विचारलं, "काकू, तुम्ही टेंपरेचर किती ठेवता?"

काकू म्हणाल्या, "दार बसेल तेवढं."

सगळे हसले. सूनही हसली. कुणाच्या मनात काही नव्हतं, पण काकूंच्या पोटात ते हसू जे जाऊन बसलं ते बसलं.

पुढच्या महिन्यात थोरल्या भाऊजींची पंच्याहत्तरी आली. हे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे भाऊ आणि नव्या सुनेचे सासरे, जन्मभर घरं रंगवणारे रंगारी. दात गेलेले, नजर मात्र अजून अशी, की दुसऱ्याच्या घरी गेले की आधी भिंत बघतील आणि मग माणूस. ते काकूंच्या केकचा नेहमी मधला तुकडा मागून घेत. दात नाहीत, क्रीम मऊ लागतं, म्हणून मागतात, असं काकू धरून चालल्या होत्या.

या वेळी केक सपाट झालाच पाहिजे, असं काकूंनी मनाशी घेतलं. सकाळी लवकर पीठ फेटलं, स्टुलावर वरवंट्याएवढा दगड ठेवला आणि दार बंद केलं. पण जीव राहीना. फुगला का बघायला एकदा उघडलं. रंग बघायला दुसऱ्यांदा. आता बसत तर नाही ना, म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तो त्यांच्या डोळ्यांदेखत बसला. इतका खोल कधीच बसला नव्हता.

काकूंनी तो तसाच ओट्यावर काढून ठेवला. मग भाजीची पिशवी घेतली आणि बाहेर पडल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीत गेल्या नाहीत. तिथला माणूस ओळखीचा. बस धरून दोन स्टॉप पुढे उतरल्या.

"पांढरा द्या. गोल. वर काही लिहू नका."

"नाव नको?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नको."

"कुणाचा वाढदिवस आहे ते तरी?"

"कुणाचा नाही."

"मग कशासाठी खाताय, बाई?"

काकूंनी पैसे मोजले. केक पिशवीत आडवा धरून, वर वाटेत घेतलेला पालक पसरून त्या घरी आल्या. नवरा टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलेला.

"पालक गोल मिळायला लागला का?" त्याने मान न वळवता विचारलं.

"तुम्ही काही पाहिलं नाही."

"मी कुठे काय पाहिलं? माझा एक डोळा घड्याळात आहे आणि दुसरा मिटलेला."

काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दुकानाचं वरचं क्रीम सुरीने खरवडून काढलं, सोनेरी पुठ्ठा मोडून पिठाच्या डब्यामागे कोंबला, केक आपल्या नेहमीच्या ताटात ठेवला. आपलं क्रीम लावलं. गुलाब, पानं, वेटोळी काढली. पण केक इतका नीट दिसायला लागला, की तो आपला वाटेना. म्हणून त्यांनी एका बाजूने तो अंगठ्याने थोडा दाबला. ते करताना त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खोटं बोलताना माणूस निदान समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. इथे समोर फक्त केक होता.

भाऊजींचं घर दोन गल्ल्या सोडून. दुपारी चारला खोली गच्च भरली. शेजारच्या खुर्च्या आणल्या होत्या, त्यांतली एक डुगडुगत होती, म्हणून ती घड्याळवाल्याला दिली. भाऊजींनी केक कापला. तुकडा बाहेर काढला.

आत गुलाबी निघालं. गुलाबी, पांढरं, परत गुलाबी. मधे जॅमच्या बारीक लाल रेघा, शाळेच्या वहीवर आखाव्यात तशा.

खोलीतल्या सगळ्यांनी तो केक पहिल्यांदा पाहिला. काकूंनीही.

"अगं बाई," जाऊबाई म्हणाल्या, "हे कधी शिकलीस?"

"असंच."

नवी सून पुढे वाकली, ताट फिरवून बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर खरं कौतुक होतं, आणि तेच काकूंना बघवेना.

"काकू, थर किती सारखे कापलेत. सुरीने की दोऱ्याने?"

दोऱ्याने केक कापता येतो हे काकूंना तेव्हा कळलं.

"दोऱ्याने."

"कुठल्या?"

"शिवणाच्या."

"रंग नाही लागला दोऱ्याचा?"

"पांढरा होता."

घड्याळवाल्याला ठसका लागला. जाऊबाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "बायकोचं कौतुक गिळवेना होय?"

तोवर मधला तुकडा भाऊजींच्या बशीत गेला होता. त्यांनी चमच्याने तो आडवा केला, उभा केला, वरचा गुलाब बाजूला सारून खाली बघितलं. मग म्हणाले, "लांबी कुठाय?"

पोरं फिदीफिदी हसली. पुतण्याने बापाला डोळ्यांनी दटावलं. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, गप्प खा ना."

"कसली लांबी?" काकूंनी विचारलं.

जाऊबाईंनी उत्तराऐवजी पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटी भाऊजींची लेकीकडची नात, आठ वर्षांची, तिला वाटलं खरंच कुणाला माहीत नाही. "अगं नळीकाकू, भिंतीला खड्डा पडला की रंगवायच्या आधी बुजवतात ना, ती लांबी. तुझ्या केकला मधे खड्डा असतो, तू क्रीम भरतेस. आजोबा त्याला लांबीचा तुकडा म्हणतात. तो त्यांचाच. पण मागच्या वेळी ते आजारी होते, तेव्हा आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मला आला."

काकूंनी एकेका तोंडाकडे बघितलं. सगळी तोंडं बशीत. नवरासुद्धा चमचा चाटत होता. म्हणजे याही माणसाला ठाऊक. बावीस वर्षं आपण गुलाब ठेवून झाकत होतो आणि हे सगळे गुलाब बघून खड्डा ओळखत होते. अंगावरचं कापड वाऱ्याने उडावं आणि ते आपल्यालाच शेवटी कळावं, तसं त्यांना झालं.

"पण आता खड्डा नाहीच ना," सून सावरून घ्यायला म्हणाली. "मला तर कोर्समध्येही इतके सारखे थर जमले नव्हते. काकू, मंगळवारी मी येऊ शिकायला?"

"ये," काकूंच्या तोंडून गेलं, आणि त्या रिकाम्या बशा उचलून आत गेल्या.

मोरीशी त्या नळ सोडून उभ्या होत्या. बशी धूत नव्हत्या. पाठोपाठ भाऊजी आले, हातात बशी तशीच, गुलाब तेवढा खाल्लेला.

"गुलाब तुझा आहे," ते म्हणाले. "भिंत दुसऱ्याची आहे."

काकूंनी नळ आणखी मोठा सोडला.

"कुठल्या दुकानाची?"

"दोन स्टॉप पुढची."

"एवढ्या लांब गेलीस." भाऊजींनी बशी ओट्यावर ठेवली. "पंच्याहत्तर वर्षं जगलो आणि तू मला दुकानातला खाऊ घातलास. तोही आपला म्हणून."

ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. त्यांना लागलं होतं.

"बाहेर सांगणार तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"मी कशाला सांगू? केक मी आणला नाही." ते गेले.

काकूंनी नळ बंद केला. मंगळवारी सून येणार, स्टूल बघणार, दोरा मागणार. मग आणखी एक खोटं, त्याला टेकू द्यायला दुसरं. त्या हात पुसत बाहेर आल्या. खोलीत कुणीतरी पंख्याबद्दल काही सांगत होतं. त्यांनी मध्येच तोडलं.

"दोरा वगैरे काही नाही. केक विकतचा आहे. मी वरचं क्रीम काढून माझं लावलं."

पंखा तेवढा बोलत राहिला. सून चमचा तोंडाशी नेऊन थांबली, आणि मग तिचाच चेहरा लाल झाला. सगळ्यांत जास्त वाखाणणी तिने केली होती. आपल्यापायी ही पोर लाजली, हे काकूंना सगळ्यांत झोंबलं.

"फुलं तरी तुझी?" जाऊबाईंनी विचारलं.

"फुलं माझी."

"आणि तुझा केक? केलाच नव्हतास?"

"केला होता. बसला. फार बसला."

"आहे कुठे तो?" भाऊजी खुर्चीतून म्हणाले.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. घड्याळवाला डुगडुगत्या खुर्चीवर आणखी डुगडुगला. "मी चहाबरोबर थोडा घेतला."

"थोडा म्हणजे किती?"

"नऊपासून तीनपर्यंत. पण कडेकडेने. काटे जोडतात तिथवर गेलो नाही."

"मग आण तो," भाऊजी काकूंना म्हणाले.

"अहो, त्याला क्रीमसुद्धा नाही."

"आण म्हटलं ना."

काकू निघाल्या. जाताना दोन गल्ल्या, येताना दोन गल्ल्या, भर उजेडात. झाकायला फडकं घ्यायचंही सुचलं नाही. येताना शेजारीण दारात उभी होती. तिने ताटाकडे बघितलं. एका बाजूने कुरतडलेला, मधे खचलेला, उघडा केक. "पडला का हो?" तिने विचारलं. "हो," काकू म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

भाऊजींनी ताट मांडीवर घेतलं. चमचा नेमका खड्ड्यात घातला, घास तोंडात फिरवला. खोली बघत होती.

"मधे कच्चा आहे," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

नात तिचा चमचा घेऊन त्यांच्या गुडघ्याशी आली. त्यांनी तिचा चमचा ढकलून दिला.

काकू दाराशीच उभ्या होत्या. आत येऊन बसायला खुर्ची होती, पण बसवेना. सून उठून त्यांच्याजवळ आली. 

"काकू," तिने हळूच विचारलं, "ओव्हनचं दार किती वेळा उघडलंत?"

"तीनदा," काकू म्हणाल्या.