सुमनताईंची सहा पानं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण कशाला?

इथे मस्कतला, रुवी भागात, आम्ही काही मराठी घरं मिळून दिवाळी अंक काढतो. संपादक मी. बावीस वर्षं! शुद्धलेखनाची एक चूक दाखवा — दाखवाच. पुण्याचे लोक विचारतात, मस्कतमध्ये बसून इतका देखणा अंक काढता तरी कसा? अभिमान आहे मला. का नसावा?

तर सुमनताई. मूळच्या रत्नागिरीच्या, तरुणपणी नर्स म्हणून ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाला आलेल्या. तिकडच्या डोंगरात तेव्हा सुलतानाचं सैन्य आणि बंडखोर यांची लढाई चालू होती आणि जखमी ताईंच्याच वॉर्डात यायचे. ती लढाई संपल्याला चाळीस वर्षं झाली, त्या वर्षी ताईंनी अंकासाठी लेख दिला. हाताने लिहिलेली सहा पानं. दुसरी प्रत नाही.

आता, सैन्याचा दिवस इथे दरवर्षी थाटात होतो. पण जे समोरून लढले, मेले, त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. काढू नका असंही कुणी सांगत नाही. ऑफिसात खमिसला, माझ्या ओमानी सहकाऱ्याला, मी एकदा सहज विचारलं. हात झटकून म्हणाला, "खलास, खलास. चहा घे." एवढ्यावर माणूस काय ते समजतो ना?

ताईंच्या लेखात एक वाक्य होतं — पाणी मागणारा कुठल्या बाजूचा, हे मी कधी विचारलं नाही, रडले मात्र दोघांसाठी. बस्स, एवढंच. माझी पाचावर धारण बसली. नोकरी, व्हिसा, मुलीची दहावी! मराठी अंक, तो सरकारात वाचणार कोण, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. तरी —

मला भीती वाटते, एवढं ताईंना सांगता आलं नसतं? छे! संपादकाला भीती वाटते होय? मी सांगितलं, "ताई, परवानगीसाठी पाठवला होता. त्यांनी नाकारला. पानंही ठेवून घेतली."

कुणाला पाठवला होता? कुणालाच नाही. पानं माझ्या बॅगेबाहेर पडलीच नव्हती. ताईंचा लेख सरकारनं अडवला नाही. मी अडवला.

वाटलं होतं, ताई रडतील. कसलं काय! बाई खूश. "म्हणजे माझं वाचलंनी तर!" म्हणाल्या. तेव्हापासून हळदीकुंकू असो की बारसं, आवाज खाली पण मान ताठ — "माझं लिखाण सरकारनं अडवलंन् हो!" आमची सगळी माणसंही फुशारली. आपल्या मराठीची दखल घेतात म्हणजे काय! ताईंसाठी मी भांडलो असं ठरलं, आणि मस्कतजवळच्या अल अमेरातला एकाच्या घरी, दार लावून, मला शाल-नारळ दिला. मी घेतला. वर लेखणीच्या स्वातंत्र्यावर पाच मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. आणि खरं सांगू? छाती भरून आली होती.

यंदा ती लढाई संपल्याला पन्नास वर्षं झाली. अंकाच्या बैठकीत एका नव्या मुलीनं तो किस्सा विचारला. मी सांगितला. रंगवून सांगितला. पुन्हा टाळ्या, आणि छाती पुन्हा तशीच फुगली.

ताई आता नाहीत. ओमान सोडून कायमच्या रत्नागिरीला निघाल्या तेव्हा मीच त्यांना विमानतळावर सोडलं होतं. पानं द्यायचीच, असं ठरवून घरून निघालो होतो. आत जाताना त्या थांबल्या.

"ती पानं परत देतील का हो कधी? नातीला वाचून दाखवली असती."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

पानं माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होती.