काळ्या फत्तराची ओळ

शाळेत मी उभ्या जन्मात दोनदा गेलो. एकदा लहानपणी, तवा दुपारच्या सुट्टीत पळालो. दुसऱ्यांदा डोक्याले टक्कल पडल्यावर, गुरुजी म्हणून. त्या खेपेलेही पळालो असतो तं एका माणसाचा डोळा वाचला असता.

ऐंशीच्या पुढची सालं होती. पांढुर्ण्याहून तिगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूले खदान होती, तिथं मी गिट्टी फोडत होतो. घन मारताना दम टिकावा म्हणून कायबी जुळवून म्हणत जाओ. बाया हसत. मले दुसरं काय येतच नव्हतं.

गावच्या शाळेत तिसरीच्या बाई नव्या होत्या, सौसरच्या. पुस्तकात खडक अन् खनिजं असा धडा होता आणि पोट्टे तो घोकून घोकून विसरून राहिले होते. बाई खदानीवर आल्या अन् म्हणाल्या, भाऊ, या धड्याचं गाणं करून द्या. मी मागं वळून पाहिलं, हे कोणाले म्हणून राहिल्या म्हणून.

गाणं केलं. गोटे झोळीत भरून वर्गात नेले, पोरांच्या हातात दिले. सौसरकडचं मँगनीज बाईनं सोताच आणलं होतं, त्यानं सगळ्यांची बोटं काळी झाली.

मुरूम पिवळा, हातात चुरे,
गाडीवाटेवर त्याले पसरा रे.
चुनखडी मऊ, खिळ्यानं खरवडे,
भट्टीत भाजली का भिंतीले चढे.
गारगोटी पांढरी, काचेले चिरे,
दोन घासल्या तं ठिणगी फिरे.

इथवर ठीक होतं. मंग आला काळा फत्तर. बाईनं सांगतलं होतं का हा जमिनीच्या पोटातल्या आगीतून आला, थंडा होऊन कडक झाला. पण मले गोटा दोनच कामांसाठी माहीत. फोडाचा, नाई तं फेकाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार असते. जाम नदीच्या मधात पळसाचं झाड अन् त्यावर झेंडा, जो तोडून आणन तो जिंकला; एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, अन् दिवसभर एकमेकाले गोटे. मी मिसरूड फुटल्यापासून त्यात होतो. म्हणून ओळ अशी आली:

काळा फत्तर मुठीत बसे,
सरळ जाय अन् खोल धसे.

पोट्टे तरटपट्टीवर उभे राहून नाचले. शनिवारी बाईनं ऐकलं. म्हणाल्या, एवढी ओळ काढा, पोळा जवळ आला आहे. मी हो म्हटलं. काढली नाई. कायले काढू? जन्मात पहिल्यांदा कोणी मले गुरुजी म्हणून राहिलं होतं, तेही त्याच ओळीवर. माह्यासारख्या गाढवाले तेवढं पुरते.

गोटमारीच्या दिवशी काठावर पोचलो तं माहे तिसरीचे पोट्टे तिथं आधीच हजर. मोठ्यांसाठी गोटे वेचून ढीग लावणं हे लेकराबाळांचं कामच. पण त्या साली पोट्टे गाणं म्हणून वेचत होते. मुरूम फेकून देत, चुनखडी फेकून देत, काळे तेवढे ठेवत. गडी माह्या पाठीवर थापा मारत होते, शाहीर म्हणत होते. अन् मी, लाज विकून खाल्लेला, छाती काढून उभा होतो.

वर्गातली एक पोट्टी आमच्या पांढुर्ण्यात मामाच्या घरी राहून शिके. बाप सावरगावचा. गाणं तिलेच सगळ्यात चांगलं येत होतं, म्हणून ढीगही तिचाच मोठा. दुपारी आमच्या काठावरून गेलेला गोटा तिच्या बापाच्या डोळ्यात बसला. कोणी फेकला, माहीत नाई. शंभर हात होते.

पोट्टी शाळेत यायची थांबली. बापाकडं गेली, बोलेना. बाई माह्यावर ओरडल्या नाई. "तिले वाटून राहिलं का गोटा तिनं वेचला," म्हणाल्या. "हे गाण्यानं झालं. आता तुम्हीच जा अन् तिले सांगा."

गेलो. बाप खाटेवर, डोळ्यावर पट्टी. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. त्यानं मले पाहून हात जोडले, पोरीले पाणी आणाले लावलं, अन् म्हणे, "गाणं झकास जमलं हं गुरुजी. पुढल्या साली आमच्या बाजूनंही एक करून द्या."

शिव्या दिल्या असत्या तं मी त्याचे पाय धरले असते. पण हे ऐकून माह्या अंगाची आग झाली. मी त्याच्याच घरात त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, लाज नाई का तुले, डोळा गेला तुहा अन् गाणं मागून राहिला? म्हटलं, ओळ माह्यी होती, मले काढ म्हणून सांगतलं होतं, मी काढली नाई, पोरीचा यात काय हात नाई. तो हसाले लागला. भेटाले आलेला पोरीचा मामा हसला, शेजारी हसले. जन्मभर मी लोकायले हसवलं, तं आता मी खरा बोंबलून राहिलो तरी त्यायले नक्कलच वाटे.

पोट्टी नाई हसली. गिलास हातात धरून उभी होती.

"मंग पुढल्या साली तुम्ही जाणार नाई?"

"नाई जाणार," मी म्हटलं.

"अन् बाबा, तुम्ही?"

बापानं पट्टी सारखी केली अन् मामाले संत्र्याच्या बहाराचं विचारलं.

ती शाळेत परत आली, पण त्या गाण्याले तोंड उघडलं नाई. बाईनं माह्याकडून नवी ओळ करवून घेतली, आगीतून आलेल्या फत्तराची. खरी होती ती. पोट्टे नवी म्हणत अन् बाईची पाठ फिरली का जुनी. जुनी चांगली झाली होती, याचाच मले अजून राग येते. एवढ्या आयुष्यात एकच ओळ साधली, अन् ती ही.

पुढल्या साली गोटमारीले बाप एका डोळ्यानं नदीत उतरला. मी घरी बसलो. जाणारे येणारे दारातून विचारत, गुरुजी, बांगड्या भरल्या का? सकाळीच ती पोट्टी येऊन माह्या ओट्यावर बसली होती. नदीकडून आरोळी आली का ती माह्याकडं पाहे, अन् मी दाराची कडी धरून तिथंच बसून राहो.