मेश्राम मॅडमची तयारी

दिल्लीत आर. के. पुरममधल्या एका शाळेत कौशल्या मेश्राम बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या, आणि दहावीचा प्रजननाचा धडा बावीस वर्षं टाळत होत्या. "इझी है, घर पे पढ़ लेना," म्हणत त्या घाईघाईनं पुढच्या धड्याकडे वळायच्या. घरी नवऱ्याला, अर्जुनरावांना, त्या स्वतःच हसत सांगायच्या, "हृदयाचे चारही कप्पे मी झोपेत काढीन, पण तो धडा आला की माझा घसाच बसतो."

यंदा लैंगिक शिक्षणावर शिक्षकांची मतं मागवणारा फॉर्म आला. बाईंनी ऐटीत लिहिलं, 'मी तयार आहे. पण आमच्याकडे चौदा राज्यांची, सगळ्या धर्मांची मुलं. पालक तयार नाहीत.'

मुख्याध्यापिका देविका नायर म्हणाल्या, "तो पेरेंट्स से आप ही पूछ लीजिए."

शनिवारी पालक जमले. पहिल्या रांगेत बुरख्यातली आई पाहून बाईंनी मनाशी ठरवलं, ही नाहीच म्हणणार. तीच आधी उठली.

"मॅडम, छठी में मेरी बेटी समझी उसे कोई बीमारी हो गई. दो दिन रोती रही. स्कूल ने पहले क्यों नहीं बताया?"

बाईंनी आशेनं कमलाबाईंकडे पाहिलं. हिंगोलीहून मुलाकडे येऊन राहिलेली ही आजी तरी विरोध करेल!

"सांगा की बाई," कमलाबाई म्हणाल्या, "आमच्या तोंडून निघत नाही म्हणून तर तुमच्याकडं पाठवतो."

सगळे पालक तयार निघाले. तयार नव्हत्या त्या एकट्या मेश्राम मॅडम, आणि हे त्यांना तिथंच, माइक हातात असताना कळलं.

सोमवारी त्या वर्गावर गेल्या. हिंदी शब्द जड वाटले, इंग्रजी दवाखान्यातले. मराठी शब्द तर त्यांनी जन्मात मोठ्यानं उच्चारले नव्हते. शेवटी त्यांनी मुलांना निनावी चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या.

पहिली चिठ्ठी : 'मॅम, आपकी तबीयत ठीक है? पंखा तेज़ कर दें?'

आधी बाईच हसल्या, मग वर्ग.

दुसरी : 'ये सब मन में आता है, तो क्या मैं बुरी लड़की हूँ?'

बाईंचं हसू थांबलं. "नहीं बेटा, बिल्कुल नहीं," त्या म्हणाल्या. आवाज नीट फुटला. मग त्या बोलत राहिल्या, घंटा होईपर्यंत.

संध्याकाळी अर्जुनरावांनी विचारलं, "कसा झाला तास?"

"पंचवीस मिनिटं फळ्याकडे तोंड करून बोलले," बाई म्हणाल्या, "पण शेवटची दहा मुलांकडे."