मनगट धरणारे वस्ताद

गेल्या जूनमध्ये साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या जिमवाल्या वस्तादांच्या पत्नीच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. रिपोर्ट दाखवायला मी त्या दोघांसोबत गेलो होतो.

वस्ताद मूळचे तालमीतले. वजन कमी करायला नवा माणूस आला, की ते आधी त्याचं मनगट धरत. जाड असलं तर म्हणत, "आडवं हाड हाय. भात सोडा, रोज पळा." बारीक असलं तर, "तुमाला काय धाड भरलीया? खावा बिनधास्त." तालमीत पोरांचा खुराक असाच ठरायचा, पण तो अंग भरावं म्हणून. वहिनींचं मनगट बारीक, त्यामुळे त्यांच्या ताटात वस्ताद स्वतः तुपाची जादा धार सोडत. सुटलेल्या पोटाकडे त्यांनी पाहिलं नाही.

रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दोघांनाही एकच पथ्य सांगितलं.

"डॉक्टरसाहेब, ही बारीक हाडाची, मी आडव्या हाडाचा," वस्ताद म्हणाले. "हिला आन् मला एकच पथ्य कसं?"

"मनगटावरून साखर कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "कमरेचा घेर बघा, रक्त बघा. दोघंही बेतानं खा, रोज चाला. आणि तुम्हीही तपासून घ्या."

"एवढं तूप तालमीत खाल्लं आसतं," वहिनी म्हणाल्या, "तर एकदोन कुस्त्या तरी मारल्या आसत्या."

वस्ताद हसले नाहीत.

आता ते नव्या माणसाचं मनगट धरतात, पण लगेच सोडून देतात आणि म्हणतात, "आदी रक्त तपासून या." संध्याकाळी दोघं चालायला जातात.

परवाच्या तपासणीत वहिनींची साखर उतरली होती. वस्तादांनी स्वतःचं रक्त अजून तपासलेलं नाही.