कॉलरचा फर्मा

गडमुडशिंगीचे बाबालाल शिंपी. कुणाचा जुना एक्सरे दिसला की यांना त्यात कॉलरच दिसायची. फिल्म ताठ, घामानं भिजत नाही, कापड बेतायच्या फर्म्याला याहून बरं काही नाही, असं त्यांचं ठाम मत. आम्ही गिऱ्हाइकं हसायचो. २००७ साली आमचं हसू आटलं.

आदल्या वर्षी त्यांची बायको मेहमुदा कमरेखाली लुळी पडली होती. एमआरआय झाला, औषधं झाली, दोन महिन्यांत ती चालू लागली. आता अचानक डावा डोळा गेला. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर स्वतःच्याच नसांवर उठलंय. असे दोन आजार आहेत, दिसायला जुळे. एकाचं इंजेक्शन दुसऱ्यात दिलं तर उरलेला डोळाही जाऊ शकतो. पाठीच्या कण्यातला डाग एकदोन मणक्यांएवढा होता की तीनपेक्षा लांब, ते बघायचंय. पहिली फिल्म आणा."

"नवी काढूया की, बाई."

"सूज उतरली आहे. आता डाग तेवढा दिसणार नाही."

बाबालालांचा चेहरा पडला. मी शेजारी म्हणून सोबत गेलो होतो. मला त्यांचा असा राग आला! ती फिल्म कुठं गेली ते मला ठाऊक होतं. माझ्या अंगातल्या शर्टाची कॉलर तिच्यावरच बेतली होती.

घरी येऊन त्यांनी खिळ्यावरचा फर्मा काढून उजेडात धरला. आडव्या पट्टीत जेमतेम दोन मणके. डाग वरच्या कडेलाही कापलेला, खालच्याही. तो पुढं किती गेला होता कुणास ठाऊक.

"बाकीचं टाकलं की मी," ते खाली बसत म्हणाले. 

"तुम्ही टाकलं, मी उचललं," खाटेवरून मेहमुदा म्हणाली. "वाकळंच्या बोचक्यात बघा."

वाकळ शिवायला ती दुकानातली चिंधीन् चिंधी साठवायची. आम्ही बोचकं उपडं केलं. छिटाच्या तुकड्यांत फिल्मचे तुकडे निघाले. चिकटपट्टीनं जोडताना बाबालाल प्रत्येक कड तीनतीनदा जुळवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती ठिगळांची फिल्म दिव्यावर लावली आणि डागावर बोट ठेवत मणके मोजले. पाच भरले.

"हा दुसरा आजार. ते इंजेक्शन द्यायचं नाही. औषध वेगळं."

"उजवा डोळा ऱ्हाईल न्हवं?" मेहमुदानं विचारलं.

"खात्री नाही देत. पण आता आशा आहे."

बाईंनी फिल्म परत पुढं केली. बाबालालांनी हात मागं घेतले.

"तुमच्याजवळच ठेवा, बाई. माझ्या घरात कात्री हाय."